मधली चौकट

भाग्यश्रीवहिनी लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा तिच्याबरोबर आलेल्या दोन वस्तूंची गल्लीत चर्चा झाली. एक डबाभर येसर आणि दुसरं लातूरच्या कुठल्याशा क्लासचं कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र. येसराच्या आमटीची पहिली वाटी अप्पांनी ओरपली, मग दुसरी मागितली, आणि तिसरी मागताना आईकडं न बघता म्हणाले, "ह्याला म्हनतात येसर." आई निमूट भाकरी थापत राहिली. धान्य नि मसाले भाजून, दळून येसर आमच्याकडंही दर वर्षी व्हायचं आणि ते भाजायचं काम माझ्याकडं होतं. मी ताटावरून उठले आणि हात धुता धुता ठरवून टाकलं की ही बाई मला आवडणार नाही. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस कुणाचा द्वेष करू शकतो का, असं आज कुणी विचारलं तर मी सांगेन, करू शकतो, आणि पोटभर करू शकतो.

माजलगावात मोंढ्याच्या रस्त्यावर अप्पांचा फोटो स्टुडिओ होता. रस्त्याकडं तोंड करून काचेची शोकेस, आत फोटो काढायची खोली, तिच्या मागं जाड पडद्याआड अंधारखोली आणि अंगण ओलांडलं की घर. आमच्या लिंगायत वाण्यांच्या भाऊबंदांत कुणी किराणा धरला, कुणी कापड. अप्पा एकटेच कॅमेऱ्याच्या नादी लागले, म्हणून चुलते त्यांना चारचौघांत 'फोटूवाले' म्हणून चिडवायचे. माझ्या भावाला, मन्मथदादाला, या धंद्याची गोडी नव्हती. तो साखर कारखान्यात कारकून झाला. मग दहावीला गणितात आपटी खाऊन घरी बसलेल्या माझ्या हातात अप्पांनी अंधारखोली दिली. आठ वर्षं मी त्या लाल दिव्याखाली काढली. औषधाच्या ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर आधी डोळे उमटायचे, मग मिशा, मग टोपी. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलनं देवीचे वण कसे बुजवायचे, कपाळावरच्या भस्माचे पट्टे कागदावर चुन्यासारखे फटफटीत येऊ नयेत म्हणून काय करायचं, हे सगळं मला येत होतं. हाताला औषधाचा आंबूस वास कायम असायचा, आणि आई मला भाकरीच्या पिठाला हात लावण्याआधी दोनदा साबण लावायला लावायची. अप्पांनी मला सगळं शिकवलं, फक्त गिऱ्हाइकासमोर कॅमेरा हातात दिला नाही. "पोरीनं मानसाच्या तोंडाकडं टक लावून उभं ऱ्हायलेलं बरं दिसत न्हाई," असं त्यांचं म्हणणं होतं. ते मी मानलं होतं. नियम सगळ्यांना सारखा असला की माणूस मानतो.

शोकेसमध्ये नऊ चौकटी होत्या. आठ बारक्या आणि मधोमध एक मोठी. गावात कुणाचं लग्न ठरलं, कुणी निवडून आलं, कुणाचं बाळसेदार पोर असलं की त्यांचे फोटो बारक्या चौकटींत लागायचे. मधली चौकट मात्र अप्पांच्या मनाची होती. आपण काढलेल्यांतला सगळ्यात चांगला फोटो ते तिथं लावायचे आणि तो महिनोन् महिने हलवायचे नाहीत. आठवडी बाजाराला आलेली माणसं उसाची कांडी चघळत काचेला नाक लावून उभी राहायची. ज्याचा फोटो लागला त्याला कुणी विचारायचं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे, हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. मी मात्र रोज सकाळी ती काच ओल्या फडक्यानं पुसताना मधल्या चौकटीत आपला एखादा फोटो ठेवून बघायची, अर्थात मनातल्या मनात.

आणि मग तो कॅमेरा आला. फोटो काढायला रीळ लागत नाही, मागं काडीपेटीएवढा पडदा असतो आणि काढलेला फोटो तिथल्या तिथं दिसतो, हे अप्पांनी बीडच्या एका लग्नात बघितलं आणि त्यांची झोप उडाली. दादानं संभाजीनगरहून कॅमेरा आणला, त्याच्या मागोमाग एक जुना कॉम्प्युटर आला, आणि अंधारखोली बंद झाली. बंद झाली म्हणजे तिथं अप्पांनी बाज टाकली. दुपारच्या जेवणानंतर ते त्या गार अंधारात झोपायचे आणि असे घोरायचे की पुढं फोटोला बसलेलं गिऱ्हाईक दचकायचं. माझी आठ वर्षं ज्या खोलीत गेली तिची झोपायची खोली झाली, याचं मला वाईट वाटलं. पण त्याहून वाईट वाटलं ते अप्पांनी कॅमेरा खोक्यातून काढून सरळ वहिनीच्या हातात दिला तेव्हा. "सूनबाई शिकल्याली हाय," ते म्हणाले. मी शेजारीच उभी होते. पोरीनं उभं राहिलेलं बरं दिसत नाही म्हणणारे अप्पा सुनेच्या गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा अडकवत होते. त्या रात्री मी जेवले नाही आणि कुणी विचारलंही नाही, कारण वहिनीनं धपाटे केले होते.

वहिनी वाईट असती तर बरं झालं असतं. ती मला बोलावून बोलावून शिकवायची. "ताई, बघा, पांढऱ्या टोपीवर उजेड मोजला की चेहरा काळा पडतोय. तोंडावर मोजायचा." लाईट तर दिवसातून आठ-आठ तास जायची. तेव्हा तिनं खुर्ची उचलून अंगणाच्या दारात, उत्तरेकडं तोंड करून ठेवली आणि अप्पांचं धुतलेलं धोतर दोरीवर ताणून दुसऱ्या बाजूला बांधलं. धोतरावरून परतलेला तो मऊ उजेड चेहऱ्यावर पडला की खेड्यातली रापलेली माणसंसुद्धा नीट, जशीच्या तशी दिसायची. अप्पांच्या दोन मोठ्या दिव्यांखाली तीच माणसं गुन्हेगार दिसत. हे मला का सुचलं नाही? तेच धोतर मी रोज वाळत घालत होते की. मुलीच्या स्थळासाठी फोटो काढायला आलेले बाप कॉम्प्युटरकडं बोट दाखवून "जरा उजळ करा की" म्हणायचे, आणि वहिनी हसून सांगायची, "मामा, पावणे पोरगी बघायला येनारच हायेत न्हवं? मग कावून खोटं?" माणसं रागवायची नाहीत. तिला बोलताच तसं यायचं.

पण तिची एक सवय मला सगळ्यात जास्त खुपायची. फोटो काढला की ती कॅमेरा उलटा करून बसलेल्या माणसाला तो पडदा दाखवायची आणि विचारायची, "ठेवू का पुसू?" राजासारखं विचारायची असं नाही, भाजीत मीठ बरोबर आहे का विचारावं तसं. म्हातारी माणसं गोंधळून जायची. जन्मात कुणी त्यांना त्यांच्या चेहऱ्याबद्दल विचारलेलं नसायचं. "पुसा" म्हटलं की ती त्यांच्यासमोर पुसायची, फोटो कितीही चांगला असो. शोकेसमध्ये लावायचा तरी विचारायची. अप्पा कपाळाला हात लावायचे, "अगं, लोक पेढे घेऊन येतेत लाव म्हनून!" पण हळूहळू पाच-सहा कोसांवरून बाया फक्त तिच्याकडून फोटो काढायला यायला लागल्या, आणि मधल्या चौकटीतला अप्पांचा फोटो निघून तिथं वहिनीचा लागला. जुना अप्पांनी स्वतःच्याच हातानं काढून ठेवला. माझी काच पुसायची मात्र सुटली नाही.

वहिनीला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात तिला असा त्रास सुरू झाला की फोडणीच्या वासानं ती आडवी व्हायची. कॅमेरा माझ्याकडं आला, पण तोही उसना, "सूनबाईला बरं वाटेपतूर." अधूनमधून बरं वाटलं की वहिनी बाहेर येऊन एखादा फोटो काढून जायची, आणि चांगला निघालेला प्रत्येक फोटो अप्पा तिचाच धरायचे. तरी मी आनंदानं वेडी झाले. तिला बरं वाटू नये असं मला वाटलं, हे इथं लिहूनच टाकते. एवढं वय झाल्यावर झाकून काय करायचं.

एका दुपारी धरणापलीकडच्या गावची एक बाई आली. तिशीतली, उन्हातून चालत आलेली, चपला हातात. चंद्राबाई तिचं नाव. नवरा जाऊन महिना झाला होता आणि निराधाराच्या सरकारी पगाराच्या कागदाला फोटो हवा होता; साक्षीची सही दीर करणार होता. कपाळावर कुंकवाच्या जागी एक फिकट गोल राहिला होता आणि त्याच्या खाली, दोन भुवयांच्या मध्ये, हिरवं गोंदण. मी तिला दारातल्या खुर्चीवर बसवलं, धोतर ओढून सारखं केलं. ती अशी ताठ बसली की जणू मी तिला इंजेक्शन देणार होते. कागदाला लागतो तसला एक फोटो मी काढला. तेवढ्यात मागच्या खोलीत अप्पांनी घोरण्याचा एक लांबलचक सूर लावला आणि त्याच्या शेवटी, प्रेशर कुकरसारखी एक शिट्टी निघाली. चंद्राबाईचे डोळे आधी मोठे झाले. मग तिच्या ओठांचा एक कोपरा हलला.

त्या कॅमेऱ्याची एक खोड होती. बटण दाबलं की तो क्षणभर विचार करत बसायचा आणि मग फोटो निघायचा. वहिनीचेसुद्धा कितीतरी हसरे फोटो त्यात वाया गेले होते. पण अप्पा आपल्या जुन्या कॅमेऱ्याशी एकटेच बडबडायचे ते मी अंधारखोलीच्या पडद्याआडून वर्षानुवर्षं ऐकलेलं होतं. "हसू आल्यावर दाबशील तर हसू गेल्यालं घावंल. यायच्या आदी दाब." मी ते हसू यायच्या आधी दाबलं. आणि पडद्यावर जे उमटलं ते बघून माझ्या अंगावर काटा आला. ती नुसती हसत नव्हती. महिनाभर कुठंतरी दाबून ठेवलेलं ते सगळं एकदम वर आलं होतं, डोळ्यांत पाणी आणि उघडे दात, आणि कपाळावरचा तो फिकट गोलसुद्धा. धोतरावरचा उजेड एका गालावरून उतरला होता. असा फोटो वहिनीला कधी आला नव्हता. अप्पांनाही नाही.

सवयीनं, म्हणजे वहिनीच्या सवयीनं, मी कॅमेरा उलटा केला. चंद्राबाईनं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "अगं माय! पुसा त्ये, ताई. घरातलं मानूस गेलंय माजं. आसं हसल्यालं कुनी बगितलं तर काय म्हनतेल?"

"पुसते की," मी म्हणाले.

"माज्या म्होरं पुसा."

मी पुसायचं बटण दाबलं. नक्की पुसायचं का, असं यंत्रानं विचारलं. मी नाही म्हटलं, पुढचा फोटो आणला आणि तिला दाखवला, तो कागदासाठीचा ताठ. "बघा, गेला." तिला इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, "लई उपकार झाले बाई," म्हणाली, आणि चपला हातात घेऊन निघून गेली. तो हात मला अजून कधीकधी जाणवतो. तेव्हा जाणवला नाही. तेव्हा मी मधल्या चौकटीचं माप मनात मोजत होते.

कागदाला लागणारे बारके फोटो आम्ही दुकानातच छापून हातात द्यायचो; मोठे रंगीत प्रिंट बीडच्या लॅबमधून यायचे. आठ दिवसांचे फोटो एका सीडीवर घालून ती एसटीच्या कंडक्टरकडं द्यायची, दोन दिवसांनी पाकीट परत. मी चंद्राबाईचा फोटो सीडीवर घातला आणि बाकीचे घातले तसाच घातला असं स्वतःला समजावलं. पाकीट अप्पांनी उघडलं. मी स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत होते, पण कान सगळे पुढं. मग शोकेसची काच सरकल्याचा आवाज झाला आणि समोरच्या एसटीडी बूथवाल्याला ते ओरडून सांगताना ऐकू आलं, "ये, ये, बग जरा! आमच्या सूनबाईनं काय काढलंय! चाळीस वर्सं गेली माजी, असा न्हाई निगाला!"

शेंगा सोलता सोलता माझे हात थांबले. मला बाहेर जाऊन सांगता आलं असतं, अप्पा, मी काढला. पण ते वाक्य बाहेर पडलं की घरात आडवी पडलेली वहिनी पहिला प्रश्न विचारणार, त्यांना विचारलं होतं का? म्हणून मी गप्प बसले. पाच दिवस तो फोटो मधल्या चौकटीत होता आणि पाच दिवस येणारा-जाणारा म्हणत होता, भाग्यश्रीचा हात म्हणजे हात. काच मीच पुसत होते. माझ्याच फोटोवर तिचं नाव ऐकत ऐकत मी ती काच इतकी घासली की आई म्हणाली, "भोक पाडतीस का?" मत्सराची इतकी अद्दल कुणाला घडू नये असं म्हणवत नाही, कारण ती अद्दल नव्हतीच. खरी अद्दल बाजाराच्या दिवशी आली.

कारखान्याचा दुपारचा भोंगा नुकताच झाला होता. चंद्राबाईचा दीर दुकानाच्या पायरीवर चढला तो ओरडतच. त्याच्या मागं, रस्त्यावरच, चंद्राबाई उभी होती, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. बाजारातली माणसं गोळा झाली. "कोन काढला ह्यो फोटू? नवऱ्याची राख निवली न्हाई आन् ही दात काढून बसलीय चव्हाट्यावर! म्या सही करायलो व्हतो हिच्या कागदावर. निराधार म्हनं! कसली निराधार? झ्याक हसतीय की!" आणि त्यानं खिशातून तो घडी घातलेला अर्ज काढला आणि सगळ्यांसमोर चार तुकडे केले. अर्जावर लावलेल्या छोट्या फोटोतला ताठ चेहरा मधोमध फाटला.

अप्पांनी आत हाक मारली, "सूनबाई!"

वहिनी भिंतीला धरत धरत बाहेर आली. तिनं तो फोटो तोवर बघितलाच नव्हता. ती शोकेसजवळ गेली, फोटोकडं बघितलं, मग मान वळवून माझ्याकडं. अर्धा क्षण. तिला सगळं कळलं. आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या चंद्राबाईनंही पदराच्या फटीतून माझ्याकडंच बघितलं. फोटो कुणी काढला हे त्या गर्दीत आम्हा तिघींनाच ठाऊक होतं. त्या दोघी माझ्याकडं बघत होत्या आणि मी जमिनीकडं. ज्या नावासाठी पाच दिवस मी आतल्या आत तडफडले होते ते नाव घ्यायला आता फक्त तोंड उघडायचं होतं, आणि तोंड उघडेना.

वहिनीनं काच सरकवली, फोटो काढून दिराच्या हातात दिला आणि हात जोडले. "चूक झाली आमची, दादा. बाईंची काईच चूक न्हाई." त्यानं त्या फोटोचेही तुकडे केले. गर्दी पांगल्यावर अप्पा वहिनीला एवढंच म्हणाले, "दुसऱ्याला शिकवीत व्हतीस ना, ठेवू का पुसू?" आणि तिच्याकडं न बघता मला सांगितलं, "शैले, कॅमेरा हितनं पुडं तूच संबाळ."

मिळालं. जे मागितलं ते मिळालं. पट्टा गळ्यात आला आणि मला वाटलं मान मोडेल.

संध्याकाळी वहिनी चुलीपासून लांब, अंगणात बसून तांदूळ निवडत होती. मी तिच्या बाजूला जाऊन बसले. तिनं वर बघितलं नाही.

"त्यांनी पुसा म्हणून सांगितलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही पुसला नाही."

"नाही."

एक खडा तिनं अंगणात भिरकावला. "मी कुणाला सांगणार नाही, ताई. ते तुमचं तुम्ही बघा." मग पुन्हा तांदळात बोटं फिरवत म्हणाली, "फोटो मात्र फार चांगला होता. मला असा कधीच जमला नाही."

कुणाच्या तरी तोंडून जे ऐकायला मी आसुसले होते ते वाक्य तिच्याच तोंडून यावं! त्यातही मला तिचा हेवा वाटला. आपला अपमान झालेल्या दिवशी दुसरीचं कौतुक करता यावं एवढं मोठं मन हिला कुठून मिळालं, आणि आम्हाला का नाही? मी आत गेले. अप्पा जेवायला बसले होते, विभूती लावून, समोर भाकरी नि शेंगदाण्याची चटणी. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. पुसायचं सोंग कसं केलं तेही.

अप्पांचा घास हातातच राहिला. "तू काढला त्यो फोटू?" त्यांनी विचारलं, आणि शपथेवर सांगते, त्यांच्या डोळ्यांत क्षणभर जे चमकलं तो राग नव्हता. एका कारागिरानं दुसऱ्या कारागिराकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. आठ वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते बघणं. ते टिकलं एका घासापुरतं. मग त्यांनी ताट सरकवलं. "सकाळी पयल्या गाडीनं जायचं त्या गावाला. कॅमेरा घे संगं."

त्या गावच्या पारावर, दहा-बारा माणसांसमोर, अप्पांनी मला बोलायला लावलं. मी बोलले. बाईंनी पुसायला सांगितलं होतं, मी फसवलं, आणि त्या हसल्या त्या आमच्या वडिलांच्या घोरण्याला, दुसरं काही नव्हतं. घोरण्याचं ऐकून पारावरचा एक म्हातारा फिसकन हसला आणि दिराचं तोंड आंबट झालं. तो त्या दिवशी सही करायला तयार झाला नाही. संक्रांतीच्या आधी कागद पुढं सरकला असं कानावर आलं. आमच्या जाण्यामुळं की गावातल्या चार जणांनी त्याची कानउघाडणी केली म्हणून, मला माहीत नाही.

चंद्राबाईनं मला घरात नेलं. चुलीवर कोरा चहा उकळत होता. तिनं मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मी हलकी झाले असते. "त्यो अजून हाय का त्यात?" तिनं कॅमेऱ्याकडं बोट केलं. मी फोटो लावून कॅमेरा तिच्या हातात दिला. चुलीच्या धगीत बसून ती त्या काडीपेटीएवढ्या पडद्याकडं बघत राहिली. चहा उतू गेला तरी बघत राहिली.

"अशी दिसते व्हय मी," ती म्हणाली. मग कॅमेरा माझ्याकडं दिला. "पुस."

या वेळी यंत्रानं विचारलं तेव्हा 'हो'वर बोट मी तिचंच ठेवलं. पडदा काळा झाला. घरी येऊन कॉम्प्युटरमधला पुसला आणि सीडी वहिनीच्या देखत गुडघ्यावर दाबून मोडली. एक प्रत कुठंतरी दडवून ठेवावी असं वाटलं का? वाटलं. तीनदा वाटलं. पण वहिनी बघत होती, आणि तिच्यासमोर पुन्हा लहान व्हायचं नव्हतं. माझ्या चांगुलपणात मत्सराचा वाटा किती, हे मी अजून नीट निवडू शकलेले नाही.

पुढं माझं लग्न झालं, परळीला मी माझा स्वतःचा स्टुडिओ टाकला, अप्पा गेले. मी हजारो चेहरे काढले आणि प्रत्येकाला विचारलं, ठेवू का पुसू. लोकांना वाटतं ही माझीच पद्धत. मी दुरुस्ती करते, आमच्या वहिनीची आहे म्हणून सांगते, आणि सांगताना अजून थोडं टोचतं.

मागच्या वर्षी वहिनीचा फोन आला. "ताई, एकजण तुमच्याकडं पाठवलाय. बोला त्याच्याशी." दुपारी पस्तिशीकडं झुकलेला एक माणूस आला, डोकं भादरलेलं, दहावा होऊन फार दिवस झालेले नव्हते. त्यानं मोबाइलवर एक फोटो दाखवला. निराधाराच्या कागदावरचा असावा तसा, ताठ, कपाळावर फिकट गोल. "आई गेली," तो म्हणाला. "हार घालायला ह्यो एकच फोटू हाय. ह्यात ती आमची आई वाटतच न्हाई. ती सांगायची, माजा एक हसल्याला फोटू हाय, माजलगावच्या शैलाबाईनं काढल्याला. लई ग्वाड आलता म्हनायची." त्यानं भिंतीवरच्या चौकटींवरून नजर फिरवली. "त्या शैलाबाई तुमीच का?"

इतक्या वर्षांत त्या फोटोवर माझं नाव कुणी घेतलं नव्हतं. तिनं घेतलं होतं, घरात, पोराजवळ, कितीतरी वेळा.

"मीच," मी म्हणाले. "मीच काढला होता."

त्याचं तोंड उजळलं. खुर्ची पुढं ओढून तो बसला आणि माझ्या हातांकडं बघत राहिला, आता मी ड्रॉवर उघडेन म्हणून.